उंबरठा ओलांडण्याचा सराव

मुलगी गेल्यानंतर तिच्या वस्तूंची व्यवस्था लावणे फारसे कठीण गेले नाही. कपडे तिच्या आईने वाटून टाकले, पुस्तके शाळेने नेली, स्कूटर जवळच्या कैनाड गावातील एका शेतकऱ्याने घेतली. कुत्रा मात्र राहिला. तो वस्तू नव्हता आणि आमच्या मालकीचाही नव्हता.

मुंबईतील एका संस्थेने त्याला लहानपणापासून शिकवून मुलीच्या हवाली केले होते. मुलगी अविवाहित होती आणि आमच्याजवळच, डहाणूच्या चिकूवाडीतील घरात राहत असे. तलासरीहून झरीकडे जाणाऱ्या वाटेवर एक निवासी शाळा आहे, तेथे ती शिकवीत असे. तेथील काही मुले बोलत नाहीत, काहींना आधाराविना चालता येत नाही, काहींना माणसाचा स्पर्श सहन होत नाही. कुत्र्याचे काम एवढेच, की त्यांच्यामध्ये जाऊन स्वस्थ पडून राहायचे. मुले त्याच्या अंगावर हात ठेवीत, डोके टेकीत, काही जण त्याच्या कानात पुटपुटत. दिवस संपला, की तो मुलीबरोबर घरी येई आणि ओसरीवर झोपे.

ती थोड्या दिवसांच्या आजारात गेली. तेरावा झाल्यावर काही दिवसांनी संस्थेचा दूरध्वनी आला. बोलणाऱ्या बाई फार सौजन्याने बोलल्या. कुत्रा काम करणारा आहे, त्याला तसाच घरी बसवून ठेवता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. घरातील कोणी त्याला सांभाळून शाळेत नेण्याचे शिक्षण घेणार असेल, तर तो आमच्याकडे राहील. शिवाय आमच्या भागात जमीन हलते, तेव्हा आपत्तीच्या प्रसंगी कुत्र्याला कसे न्यायचे याचे प्रशिक्षणही पुरे करून चाचणी द्यावी लागेल. तसे न झाल्यास त्याला मुंबईस परत नेऊन दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यात येईल.

मी हे पत्नीला सांगितले. त्या महिन्यांत ती फारशी बोलत नसे.

"त्याला नेऊ देऊ नका," एवढेच ती म्हणाली.

मी होकार कळवला.

मला त्या काळात काही वाटत नसे. ही तक्रार नव्हे; जसे होते तसे लिहितो आहे. पहाटेचे स्नान, संध्या, पूजा, सर्व यथाक्रम चाले. मंत्रातील अक्षर चुकत नसे. मन तेथे नसे, परंतु ते दुसरीकडेही नसे. एकदा अभिषेक चालू असताना जमिनीतून ती परिचित गडगड आली आणि ताम्हनातील पाणी थरथरू लागले. शेजारची माणसे "आला, आला" म्हणत अंगणात धावली. मी धार खंडू दिली नाही. नंतर शेजारी म्हणाले, काय ही निष्ठा! ती निष्ठा नव्हती. उठण्याचे कारण मला सुचले नाही.

प्रशिक्षण त्याच शाळेत होते. मुंबईहून एक प्रशिक्षिका येत असत. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, आवाज खणखणीत. शिकणारे आम्ही दोघेच. दुसरे गृहस्थ चिंचणीचे. त्यांचे भाऊबंद मासेमारी करतात, ते स्वतः तारापूरच्या बाजूला कारखान्यात कामाला जातात. त्यांच्या मुलाला फेफरे येते, आणि झटका येण्याआधी त्यांची कुत्री मुलाच्या पायाशी जाऊन बसते, घरच्यांना सावध करते. ते मला पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणू लागले. मी संस्कृत शिकवीत असे हे त्यांना कोणी सांगितले, ते मला ठाऊक नाही; कदाचित माझ्या शेंडीने सांगितले असेल.

पहिल्या दिवशी प्रशिक्षिकेने आम्हांला टेबलाखाली बसायला लावले. गुडघे दुखत होते, मी बसलो.

"हादरा चालू असताना कुत्र्याला ओढायचं नाही, मिठी मारायची नाही," त्या म्हणाल्या. "पट्टा सैल. आधी स्वतः टेबलाखाली, डोक्यावर हात. तो तुमच्या मागून येईल. नाही आला तरी तुम्ही उठायचं नाही. हलणं थांबलं, की मग त्याचा पट्टा धरायचा, त्याचे पंजे बघायचे, काच लागलीय का ते, आणि बाहेर. कळलं, आजोबा? आधी तुम्ही."

आधी स्वतः, ही गोष्ट माझ्या घडणीला नवी होती. गाय, कुत्रा, कावळा, दारी आलेला अतिथी यांचे भाग निघाल्यावर गृहस्थाने पानावर बसावे, असे मी आयुष्यभर करीत आलो. कुत्र्याचा भाग रोज काढला जाई, आणि तो उंबरठ्याबाहेर ठेवला जाई. घरात राहणारा, ज्याच्या गळ्यातील पट्टा मी हातात धरावा असा कुत्रा त्या व्यवस्थेत कोठे बसतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. आरंभी मी शाळेतून आल्यावर पुन्हा स्नान करीत असे. पुढे हातपाय धुऊन भागवू लागलो. याचाही निर्णय असा मी केला नाही. तो आपोआप झाला.

दुसऱ्या वेळी संकटकाळची पिशवी भरून आणायची होती. घर सोडून मदतीच्या मांडवात किंवा दुसऱ्या गावी राहावे लागले, तर कुत्र्याला आणि आपल्याला जे लागेल ते त्यात हवे. प्रशिक्षिकेने प्रथम चिंचणीच्या गृहस्थांची पिशवी उघडली, आणि दोन्ही कुत्री जागची उठली.

"हे काय आहे?"

"सुके बोंबील, मॅडम. भूकंप येऊ दे, वादळ येऊ दे, बोंबील काही खराब होत नाही."

"पण रस्त्यावरची सगळी कुत्री तुमच्या मागे येतील!"

"येऊ देत. एकटं वाटणार नाही."

मग माझी पिशवी उघडण्यात आली. त्यात एक धूतवस्त्र, पळी-पंचपात्र, गंगेची कुपी, पंचांग आणि माझी रक्तदाबाची औषधे होती.

"आजोबा, यात कुत्र्याचं काय आहे?"

"त्याचा पट्टा," मी म्हणालो.

"तो तर त्याच्या गळ्यात आहे."

"गुरुजी त्याला काशीला न्यायला निघालेत," चिंचणीचे गृहस्थ म्हणाले. शाळेतील मावशी तोंडाला पदर लावून हसली. प्रशिक्षिकाही हसल्या. हसण्यासारखेच होते, हे मलाही दिसत होते. मग त्यांनी पाण्याची बाटली, घडीचा वाडगा, कोरडे अन्न, लसीकरणाचे कागद, त्याच्या पाठीवर घालायचे ओळखीचे जाकीट आणि तोंडाला बांधायची जाळी हे सर्व मांडून दाखवले. तो चावत नाही, मग जाळी कशाला, असे मी विचारले.

"हे तुम्हाला माहीत आहे. मांडवात शंभर माणसं असतील, त्यांना नाही माहीत. जाळी असेल तरच त्याला आत घेतील."

ते मला पटले.

यानंतर मुलांसह सराव झाला. भोंग्याने मुले बिथरतात, म्हणून तेथे थाळी वाजवतात. थाळी वाजली, की मुलांनी टेबलाखाली जायचे. थांबली, की ओळीने दालनाच्या दारातून बाहेर पडून मैदानातील वडाखाली जमायचे. दालनाला दार एकच आहे. एक मुलगी आहे, ती बोलत नाही. ती नेहमी कुत्र्याच्या जाकिटाची कडी धरूनच चालते. म्हणून ओळीच्या पुढे कुत्रा आणि मी, मग ती मुलगी, तिच्या मागे चाकांच्या चौकटीच्या आधाराने चालणारा मुलगा, मग इतर, असे ठरले होते.

थाळी वाजली. मुले टेबलाखाली गेली, मीही गेलो, कुत्रा माझ्याशेजारी येऊन पडला. थाळी थांबली. मी पट्टा धरून निघालो. दाराशी आलो, आणि कुत्रा उंबरठ्यावर बसला.

तो बसला म्हणून ती मुलगीही खाली बसली. मागचा मुलगा आधाराच्या चाकांसह तिच्यावर आदळता आदळता राहिला, त्याच्या मागच्या दोघी पडल्या, आणि ओळ दाराशी गोळा झाली. कोणी रडू लागले. मी पट्टा ओढला. कुत्रा उठेना. तो वर पाहत नव्हता. माझ्या पावलांकडे पाहत होता.

"गुरुजी, मुहूर्त बघतोय का तो?" चिंचणीचे गृहस्थ मैदानातून ओरडले. "का सोवळ्यात आहे?"

प्रशिक्षिका धावत आल्या. "काय झालं? कशाची वाट बघतोय?"

मला ते दिसताक्षणी कळले होते. आमच्या घरात लहान मुलाला चालता येऊ लागले, की शिकवीत असत: बाहेर पडताना धावत सुटायचे नाही. उंबरठ्याच्या आत थांबायचे, देवाच्या दिशेला वळून हात जोडायचे, मग पायरीवर उतरून पायताण घालायचे, आणि मग चालू लागायचे. माझ्या वडिलांनी मला शिकवले, मी मुलीला शिकवले. तिने ते कधी सोडले नाही. शाळेच्या दालनातही कोपऱ्यात देवीची तसबीर आहे. तेथूनही ती तशीच बाहेर पडत असणार. ती हात जोडून चपला घालीपर्यंत कुत्रा उंबरठ्याशी बसून राही, आणि तिच्या पायांत चपला दिसल्या की उठे. हे तिने त्याला शिकवले, की पाहून पाहून तो शिकला, ते आता कळण्याचा मार्ग नाही.

मी देवीकडे वळून हात जोडले, पायरीवर उतरलो, चपला घातल्या. कुत्रा तत्काळ उठला आणि त्या न बोलणाऱ्या मुलीला घेऊन बाहेर आला.

प्रशिक्षिकेने त्याच्याकडे आणि मग माझ्या पायांकडे पाहिले.

"ही सवय कोणी लावली?"

"माझ्या मुलीने," मी म्हणालो. आणि मग, पूर्ण सांगितले पाहिजे म्हणून, "तिला मी."

त्यांचा आवाज उतरला, पण त्यांनी बोलणे बदलले नाही, आणि ते योग्यच होते. "आजोबा, खऱ्या वेळी हा दारात बसला, तर मागची सगळी मुलं आत राहतील. पुढच्या महिन्यात चाचणी आहे. तोवर हे गेलं नाही, तर मी सही करू शकत नाही. आणि चपलांचा हा ढीग दारात नको. उद्यापासून सगळ्या चपला वडाखाली ठेवा."

शेवटचे चपलांचे बोलणे शाळेसाठी होते. त्याआधीचे माझ्यासाठी.

मी घरी आलो तेव्हा पत्नी ओसरीवर वाल सोलीत होती. कुत्रा तिच्याजवळ जाऊन पडला.

"जमलं का?"

"नाही. तो दारात बसतो."

"बसणारच. तिच्यासारखाच आहे तो."

"ते घालवावे लागेल."

तिचे हात थांबले. "घालवायचं म्हणजे?"

"न थांबता बाहेर पडायला शिकवायचे."

"आणि नाही शिकवलं तर?"

"तर त्याला नेतील."

तिने पुन्हा वाल हातात घेतला, सोलला, परडीत टाकला. "म्हणजे त्याला ठेवायचा, तर तिचं त्याच्यातून काढायचं."

"हो."

"असा कसा हो नियम?"

"नियम मुलांसाठी आहे," मी म्हणालो. "मागे मुले अडकतात."

"ते कळतंय मला. मुलांचं कळतंय." परडी बाजूला सारून ती म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी देवळात निघता ना, त्याला घेऊन. तो दारात बसतो, तेव्हा मी आतून बघत असते. तुम्ही तोवर पायरीखाली गेलेले असता. नुसता तो दिसतो, मागून. मला वाटतं, ती बाहेर चपला घालतेय."

मला हे ठाऊक नव्हते. आम्ही एकाच घरात राहत होतो, आणि ती रोज संध्याकाळी हे पाहत होती.

त्यानंतरचे काही दिवस तसेच गेले. मी त्याला शिकवले नाही, आणि न शिकवण्याचेही ठरवले नाही. चाचणीचा दिवस जवळ येत होता, हे मला दिसत होते. पाहुणा येणार असल्याचे कळावे आणि आपण उठू नये, तसे.

मग एका सकाळी पूजा आटोपून मी बाहेर निघालो, तर दाराशी चपला नव्हत्या. पत्नीने सर्व जोड, तिचाही, उचलून फाटकाजवळच्या चिकूखाली नेऊन ठेवले होते. ती स्वतः अनवाणी अंगणात उभी होती आणि तिच्या हातात उकडलेले अंडे होते. संस्थेने कुत्र्याच्या आहारात अंडे सांगितल्यापासून ती मागीलदारी निराळ्या चुलीवर ते उकडीत असे. आमच्या घरात हे प्रथमच होत होते. परंतु ते हातात घेऊन ती तुळशीपुढे उभी राहिलेली मी त्या दिवशी पाहिली.

"आणा त्याला," ती म्हणाली. "आणि तुम्ही थांबू नका. हात जोडू नका. तुम्ही थांबलात तर तो थांबेल."

"देवाला..."

"देवाला मी सांगितलंय."

मी पट्टा धरून चालू लागलो. तो उंबरठ्याशी बसला. पत्नीने हाक मारली. तो तिच्याकडे पाहून शेपूट हलवू लागला, पण उठला नाही. पुन्हा माझ्या पावलांकडे पाहू लागला. मी अनवाणी पायरी उतरलो आणि पुढे चाललो. पट्टा ताणला गेला. तो अवघडला. तोंडातून बारीक आवाज काढू लागला.

"ये रे, बाळा," ती म्हणाली. "ये. ती नाही येत आता. ये."

तो आला. तिने अंडे त्याला दिले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "परत."

आम्ही ते पुन्हा पुन्हा केले. दुसऱ्या दिवशीही, त्याच्या पुढेही. दुपारी अंगणातील फरशी तापे आणि पाय भाजत; मला जाणवले ते तेवढेच. जन्मभर केलेला नमस्कार मी सोडला, तेव्हा काही तुटेल, निदान काही हलेल, असे वाटले होते. तसे काही झाले नाही. मी आत जाई, वळे, बाहेर येई.

तो फार लवकर शिकला. प्रथम बसे, मग नुसता थबके, मग थबकण्याआधी एकदा माझ्या पायांकडे पाही. आणि एके दिवशी त्याने पाहिलेही नाही. सरळ उंबरठा ओलांडून अंगणात गेला आणि पत्नीच्या हाताशी उभा राहिला. इतकी वर्षे मुलीने त्याच्यात रुजवलेले निघून जायला इतके थोडे दिवस पुरावेत, याची आम्हां दोघांनाही कल्पना नव्हती. पत्नीने त्याला त्याचा घास दिला. "शिकला," ती म्हणाली, आणि आत गेली. त्या दिवशी तिने पुन्हा करायला सांगितले नाही.

चाचणीसाठी मी त्याला घेऊन तलासरीस गेलो. शाळेच्या दारात एकही चप्पल नव्हती. सगळ्या वडाखाली ओळीने होत्या. चिंचणीचे गृहस्थ आधीच येऊन बसले होते. त्यांनी कुत्र्याची पाठ थोपटली आणि त्याला उद्देशून म्हणाले, "आज पत्रिका बघू नकोस रे बाबा. गुरुजींची इज्जत तुझ्या हातात."

त्यांची कुत्री आधी उत्तीर्ण झाली. मग आमची पाळी आली.

थाळी वाजली. मी टेबलाखाली गेलो, डोक्यावर हात घेतले. माझ्यासमोर ती न बोलणारी मुलगी बसली होती आणि तिचा हात कुत्र्याच्या पोटावर होता. तिचे डोळे माझ्यावर नव्हते, कशावरच नव्हते. मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि मला वाटले, आम्ही दोघे एकाच ठिकाणी बसलो आहोत.

थाळी थांबली. मी पट्टा धरला, त्याचे पंजे पाहिले, उठलो. मुलीने कडी धरली. ओळ लागली. आम्ही दाराकडे निघालो.

आणि दाराशी मी थांबलो.

का, ते सांगता येत नाही. घरी इतके दिवस न थांबता चाललो होतो. येथे, त्या दारात, देवीच्या तसबिरीकडे माझी मान वळली आणि दोन्ही हात एकत्र आले. पट्टा त्यांच्यामध्ये होता. कुत्रा थांबला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पावलांकडे पाहिले नाही. त्याला शिकवले होते तसा तो सरळ उंबरठा ओलांडून गेला. पट्टा ताणला, माझे जोडलेले हात पुढे ओढले गेले, आणि मी त्यांच्यामागून पायरी उतरलो. मुलगी त्याच्याबरोबर होतीच. मागचा मुलगा, इतर मुले, सर्व बाहेर आली. कोणी पडले नाही.

वडाखाली प्रशिक्षिका हसत होत्या. "आजोबा, कुत्रा पहिल्या नंबरानं पास. तुम्ही काठावर."

"त्यांना त्यानंच बाहेर काढलं," चिंचणीचे गृहस्थ म्हणाले. "तेच तर त्याचं काम."

प्रशिक्षिकेने सही केली. मुलगी अजून कडी धरून उभी होती. पुढच्या आठवड्यापासून मी त्याला ठरल्या दिवशी आणावे, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले. मी बरे म्हणालो.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. पत्नी फाटकाशीच उभी होती. मी सांगण्याची तिने वाट पाहिली नाही.

"राहिला का?"

"राहिला."

"थांबला का दारात?"

"तो नाही," मी म्हणालो. "मी थांबलो."

तिने माझ्याकडे पाहिले. पुष्कळ महिन्यांत तिने माझ्याकडे असे पाहिले नव्हते, आणि मीही तिच्याकडे पाहिले असेल असे नाही. मग तिने माझ्या हातातून पट्टा घेतला आणि त्याला नळाकडे घेऊन गेली. ती खाली बसून त्याचा एकेक पंजा धुऊ लागली. मी जवळ जाऊन नळ धरला, कारण त्याची तोटी सैल आहे आणि पाणी दोन्ही बाजूंनी उडते.